पायरीवरील माडीच्या दुकानाची कैफियत

बा म्हाराजा, बाकड्याचो एक पाय आखूड आसा.
व्हय म्हाराजा.
निळो पत्रो वाऱ्यान वाजता.
व्हय म्हाराजा.
कोणतरी बंद दाराकडे खोकललो, आतसून कोण खोकललो नाय.
व्हय म्हाराजा.
घर, दार, शेत, वाट, देऊळ, दर्या, लग्न, मयत.
व्हय म्हाराजा.
एक चप्पल उजवी, दुसरी पण उजवी.
व्हय म्हाराजा.

जो वेशीवर बसून येणाराजाणारा पाहतो आणि पाहिलेले कोणास सांगत नाही, त्या राखणदारास प्रथम नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मासी या राज्यावर जो प्रसंग गुदरला त्याचे वर्तमान येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण नाव लिहिले की जमिनीचा भाव विचारणारे येतात. राज्याच्या पश्चिमेस दर्या, पूर्वेस डोंगर, मध्ये माडांच्या बागा आणि बागांच्या मध्ये तात्या आरोलकर यांचे माडीचे दुकान होते. माडावर चढावे, पोय म्हणजे माडाचा फुलोरा छेदावा, मडके बांधावे, उतरलेला रस आंबला की लोकांस पेल्यातून द्यावा, हा तात्यांच्या घराण्याचा पिढीजात हुद्दा. दुकान म्हणजे कौलारू पडवी, आत एक लांब बाकडा आणि दाराशी जांभ्या दगडाची एक पायरी. राज्यात कोणी दुकानात जातो म्हणत नसे, पायरीवर जातो म्हणत असे. आणि पायरीचा कायदा ऐसा की चपला पायरीवर काढाव्या आणि तंटाही पायरीवरच काढून ठेवावा. बाहेर दोघांचा कोर्टात खटला चालू असो, सोयरीक मोडलेली असो, पायरी ओलांडली की शेजारी बसावे आणि बोलावे, आणि निघताना ज्याचा तंटा त्याने आपल्या चपलांबरोबर घरी न्यावा. पुष्कळ वेळा लोक चपला नेत आणि तंटा विसरत. विसरलेले तंटे सकाळी झाडून काढतो ऐसे तात्या म्हणत.

या राज्यात मोंडकर नावाचे दोघे बंधू होते. थोरले झिलू, धाकटे बाबल. लोक त्यांस थोरले आणि धाकटे ऐसेच म्हणत. दोघांच्या बागांमधल्या बांधावर एक माड होता आणि तो वाढता वाढता कलला आणि त्याचे नारळ कोणाच्या हद्दीत पडले यावरून दोघांचे वाजले. पुढे वादळात माड पडला, पण तंटा उभाच राहिला. मग एके दिवशी दोघे संतापून देवळात गेले आणि एकमेकांशी न बोलण्याची शपथ घेतली. ती शपथ गाऱ्हाण्यातून घेतली. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून मोठ्याने सांगणे. एकजण सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यास जमलेले सारे व्हय म्हाराजा म्हणतात. आधी ऐकावे आणि मग व्हय म्हणावे ऐसे शास्त्र आहे, पण गाऱ्हाण्याचा स्वर चढला की तोंड कानाच्या पुढे धावते. त्या दिवशी घरात बोलणार नाही, व्हय म्हाराजा. दारात नाही, शेतात नाही, वाटेवर नाही, देवळात नाही, दर्यावर नाही, लग्नात नाही, मयतास नाही. प्रत्येकास दोघांनी दात खाऊन व्हय म्हटले आणि शपथ पुरी जाहली. सगळी पृथ्वी त्या यादीत आली. पायरीवरचे दुकान तेवढे राहून गेले. मग दोघे देवळातून दोन वाटांनी निघाले आणि तिसऱ्या प्रहरी तात्यांकडे बाकड्याच्या दोन टोकांस येऊन बसले आणि थोरले म्हणाले, "बाबल्या, बांगडो घे," आणि धाकट्यांनी घेतला. त्या दिवसापासून पुष्कळ वर्षे दोघे बंधू पृथ्वीवर फक्त त्या पडवीत बोलत होते.

मग गेल्या दिवाळीनंतर ऐसे घडले की तात्या पेला भरता भरता खाली बसले ते उठलेच नाहीत. एकच कल्लोळ जाहला. कोणी गाडीस धावला, कोणी पाण्यास धावला आणि सगळ्यांनी अंधुक उजेडात पायरीवरच्या हातास येतील त्या चपला पायात घातल्या. दोघा बंधूंच्या चपला एकाच आठवडी बाजारातल्या, काळ्या रबराच्या. तात्यांस अग्नी देऊन लोक घरी आले तेव्हा थोरल्यांच्या पायी दोन्ही उजव्या निघाल्या आणि धाकट्यांच्या पायी दोन्ही डाव्या. आता बदलून घ्याव्या तर बोलावे लागते आणि बोलावे तर कोठे. दुकानास कुलूप पडले होते. परवाना तात्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर सरला. तात्यांचे चिरंजीव विनायकराव शहरात नोकरीस. त्यांनी चावी खिशात घातली आणि निघून गेले. थोरल्यांनी त्या दोन उजव्या दाराशी मांडून ठेविल्या आणि अनवाणी हिंडू लागले. धाकट्यांनीही तेच केले. नव्या चपला कोणीच घेतल्या नाहीत.

दुकान बंद जाहल्याने राज्यात काय जाहले तेही ऐकावे. आरंभी कित्येक बायका म्हणाल्या, बंद झाला ता बरा झाला. त्यांचे खोटे नव्हते. माडीने ज्यांची घरे बुडाली त्यांनी पायरीच्या नावाने बोटे मोडावी हे योग्यच. पण थोड्याच दिवसांत पायरीवर उतरणारे तंटे उतरावयास जागा उरली नाही. ते तसेच घरी येऊ लागले. दुकानाच्या दाराशी तळलेले बांगडे विकणाऱ्या शेवंती तांडेल म्हणून एक बाई होत्या. त्यांनी स्वतः माडी कधी तोंडास लावली नाही. त्या नळावर म्हणाल्या, "आता घो घराक लवकर येता गो, पण येताना शेजाऱ्याचा भांडान खांद्यार मारून हाडता. पयलो उशिरा येय, पण रिकामो येय."

त्याच सुमारास थोरल्यांच्या छातीत पाणी जाहले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुत्रास बाजूस नेऊन सांगितले की हा शिमगा पाहतील, पुढचा सांगवत नाही. हे वर्तमान दुपारपर्यंत राज्यभर पसरले आणि धाकट्यांसही कळले. धाकटे उठले आणि बंधूंच्या दारापर्यंत आले आणि थांबले, कारण दार यादीत होते. मग ते बंद दुकानापाशी आले आणि कुलपास हात लावून पाहिला आणि खोकले. आतून कोणी खोकले नाही. शेवंतीबाई तेथे रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कित्याक इल्लंस रे बाबल?" धाकटे म्हणाले, "खंय जाव? सगळी पृथ्वी बंद केलेली आसा आमी." शेवंतीबाई म्हणाल्या, "मगे शपथ मोड. म्हातारो मरतलो." धाकटे म्हणाले, "देवाक व्हय म्हटल्यार मोडतत कशी, ता तू सांग." बाईंनी धाकट्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दुकान उघडूक व्हया." येथून मोहिमेस आरंभ जाहला.

परंतु मोहीम उभी राहते न राहते तोच एके सकाळी दुकानाभोवती निळ्या पत्र्याचा कोट उभा. फिती घेतलेली माणसे आली. त्यांनी अंगणात चुन्याची रेघ मारली, ती नेमकी पायरीवरून गेली. वर्तमान आले की शहरातील कोणी मोठे बांधकामवाले सरदार आहेत, त्यांस विनायकराव जागा विकणार, आणि दुकान पाडून तेथे पाहुण्यांसाठी महाल होणार आणि महालात पोहावयाचे निळे तळे होणार. शेवंतीबाई म्हणाल्या, "दर्या काय बंद पडलो?" यावर लोक हसले, पण ते हसणे आतून रिकामे होते. सरदार स्वतः कधी आले नाहीत. त्यांनी वकील पाठविले. वकील म्हणजे बोलणी करणारे, कोर्टातले नव्हेत. नाव सुहास तळवडेकर. गृहस्थ शेजारच्याच मुलखातले, बोली आमचीच, गोड, हातात नेहमी नारळ. मसलत ऐसी की बांधकामास ग्रामसभेची ना हरकत पाहिजे आणि ती मिळाली की विनायकराव सही करणार. सरपंच कोयंडे यांस लोक भेटले तेव्हा ते म्हणाले, "सभा म्हणात ता मी करतलंय. माझ्या एकट्याच्या हातात काय नाय." लोक म्हणाले सभा नाही म्हणेल. घरोघर फिरून शेवंतीबाईंनी वचने घेतली. सारे राज्य एकमत. पण राज्यास झोप नव्हती, कारण वकील इतके शांत का, हे कोणास उमगत नव्हते. ते रोज चहाच्या टपरीवर बसत, सर्वांची विचारपूस करीत आणि विरोधाबद्दल अवाक्षर बोलत नसत.

पौष वद्यात झेंड्याच्या दिवशी देवळाच्या मंडपात सभा भरली. थोरल्यांस खुर्चीवरून आणिले आणि दक्षिणेच्या खांबाशी ठेविले. धाकटे उत्तरेच्या खांबाशी बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही, देऊळ यादीत होते. ग्रामसेवकांनी कामकाजाची वही उघडली. तेव्हा वकील उठले आणि हात जोडून म्हणाले, "सभेच्या आधी, तुमची परवानगी आसली तर, गावाच्या बऱ्यासाठी दोन शब्द राखणदाराक घालतंय." कोण नाही म्हणणार. गुरव माथ्यावर हात जोडून उभा राहिला आणि सगळे उठले. मग वकिलांनी स्वर लावला. "बा म्हाराजा, ह्या गावच्या मुलाबाळांक सुखी ठेव." व्हय म्हाराजा! "दर्यात गेलेल्या होड्यांक वाट दाखय." व्हय म्हाराजा! "कोणाच्या मनात किल्मिष आसात तर ता बाजूक कर." व्हय म्हाराजा! "गावच्या पोरांक गावातच काम मिळांदे." व्हय म्हाराजा! स्वर चढत गेला, मंडप घुमू लागला, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आणि पायरीच्या जाग्यार पाव्हण्यांचो म्हाल उभो रवांदे." व्हय म्हाराजा! ऐसा गजर जाहला की कबुतरे उडाली. वकील नमस्कार करून खाली बसले. ग्रामसेवकांनी सर्वानुमते ऐसे लिहिले. आणि मग हळूहळू एकेकाचे तोंड उघडे राहिले. शेवंतीबाईंनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. त्यांचाही व्हय त्यात होता, आणि सगळ्यांत मोठा. धाकट्यांचाही होता. थोरल्यांचा आवाज निघत नव्हता, पण ओठ हलले होते ऐसे त्यांच्या पुत्राने पाहिले.

मग राज्यात जो शोक पसरला तो काय सांगावा. सभा पुन्हा बोलावता येते, ग्रामसेवक म्हणाले, खास सभा मागा, ठराव फिरवा, तोवर ना हरकतीचा कागद मी कोणास देत नाही. पण लोकांची चिंता कागदाची नव्हतीच. व्हय देवापुढे गेला होता. तो परत आणावयाचा कसा. मंडळी गुरवाकडे गेली आणि विचारले की गाऱ्हाण्यास नाय म्हाराजा ऐसे उत्तर दिले तर काय होते. गुरव म्हणाला, "म्हायत नाय. आजपर्यंत कोणी म्हटलाच नाय." म्हणजे काही होत नाही काय, ऐसे विचारता तो म्हणाला, "तसा मी म्हणूक नाय." या उत्तराने राज्याचा जीव अधिकच टांगणीस लागला. ज्यांच्या होड्या दर्यात होत्या ते रोज संध्याकाळी क्षितिजाकडे पाहू लागले.

तथापि शेवंतीबाईंनी धीर सोडला नाही. त्यांनी माशांच्या लिलावाच्या जागी सकाळी लोक जमविले आणि नाय म्हणण्याची कवायत सुरू केली. त्यांनी स्वर लावावा, "बा म्हाराजा, सूर्य पश्चिमेक उगवता," आणि लोकांनी एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणावे. "मेल्यानू, आयकत जावा!" ऐसे त्या ओरडत. "बा म्हाराजा, ह्या सगळ्यांच्या बायल्या माझ्यापेक्षा कुरूप." व्हय म्हाराजा! त्या दिवशी पुष्कळ घरी जेवण मिळाले नाही. मग हळूहळू दोघाचौघांचे तोंड वळू लागले, तर नवेच संकट, की लोक भलत्या ठिकाणी नाय म्हणू लागले. एकास पत्नीने भात वाढू काय विचारले, तो नाय म्हाराजा म्हणाला आणि उपाशी उठला. इतके करूनही रोज दहा हाका घातल्या की त्यांपैकी तीनचार हाकांस व्हय निघतच असे. आणि रोज थोरल्यांचे पाणी वाढत होते. त्यांच्या घरून खोकल्याचा आवाज वाटेपर्यंत येई. धाकटे वाटेवर उभे राहून ऐकत आणि वाट यादीत असल्यामुळे गप्प उभे राहत.

माघ मासी खास सभा भरली. त्या दिवशी शेवंतीबाईंचा पुत्र होडी घेऊन पहाटेच दर्यात गेला होता. शेजारणी म्हणाल्या, "आज तरी धाडूक नको होतंस गो." बाई म्हणाल्या, "तेका आडवलय तर माझो नाय खोटो ठरतलो." पण बोलताना त्या पदराचे टोक पिळत होत्या ऐसे लोकांनी पाहिले. मंडपात वकील आले, नारळ घेऊन, हसत. त्यांस कवायतीचे वर्तमान कळले होते आणि तरी ते हसत होते. ना हरकत फिरविण्याचा ठराव मांडला गेला. वकील म्हणाले, "मागच्या टायमाक देवासमोर बोललात, आता परत देवासमोरच बोला." मग त्यांनी स्वर लावला, पूर्वीपेक्षा गोड. "बा म्हाराजा, मुलाबाळांक सुखी ठेव." मंडपात शांतता. मुलांस सुखी ठेव यास नाय कसे म्हणावे. आणि व्हय म्हटले तर पुढचे तोंडातून निसटणार. सगळे ओठ आवळून उभे. "होड्यांक वाट दाखय." शेवंतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले, पण ओठ उघडले नाहीत. वकिलांनी मधली वाक्ये गाळली आणि एकदम शेवटावर आले. "पायरीच्या जाग्यार म्हाल उभो रवांदे." कोणी बोलेना. ग्रामसेवक म्हणाले, विरोध नाही ऐसे लिहू काय. तेव्हा उत्तरेच्या खांबाकडून एकटा आवाज आला, "नाय म्हाराजा." तो धाकट्यांचा होता. सगळे राज्य त्यांच्याकडे वळले, आणि तितक्यात दक्षिणेच्या खांबाकडून, खोकल्यातून, पाण्यातून, फार बारीक आवाज आला, "नाय म्हाराजा." मग जो गजर जाहला त्याने मंडपाची घंटा आपोआप हलली. नाय म्हाराजा! वकील उभेच राहिले. त्यांस पुढचे वाक्य सुचेना, कारण गाऱ्हाण्याचे प्रत्येक वाक्य मागच्या व्हयवर उभे राहते आणि नायनंतर काय म्हणावे हे कोणी रचूनच ठेविले नव्हते. त्यांनी नारळ ठेविला आणि खाली बसले. ना हरकत रद्द जाहली.

पण जय जाहला म्हणून कोणी ओरडले नाही. पहिली चिंता ही की दोघा बंधूंनी देवळात एकामागून एक तोच शब्द उच्चारला, तर ते एकमेकांशी बोलले ऐसे होते काय. यावर देवळाच्या पायऱ्यांवर बसून मोठी चर्चा जाहली. शेवटी ठरले की दोघे म्हाराजांशी बोलले, एकमेकांशी नव्हे. दुसरी चिंता होडीची. सूर्य कलला आणि सगळे राज्य किनाऱ्यावर जमले. इतर होड्या आल्या. शेवंतीबाईंची येईना. कोणी त्यांच्याकडे पाहीना, कारण पाहिले असते तर ज्याने त्याने आपला नाय आठवला असता. मग फार उशिराने, पाणी काळे पडताना, एक डोलकाठी दिसली. पुत्र किनाऱ्यास लागला आणि म्हणाला, "इंजिन बंद पडला होता. मासळी काय गावाक नाय." बाईंनी त्याच्या एक मुस्काटात मारली आणि मग त्याचे ओले डोके पोटाशी धरले. राखणदार रागावला की नाही, हे गुरवास विचारले. गुरव म्हणाला, "होडी इली, मासळी नाय इली. समजा तुमी."

सरदारांनी दुसऱ्या मुलखात जागा पाहिली आणि वकील निघून गेले. जाताना टपरीवर म्हणाले, "आमच्या गावाक पण कोणतरी नाय म्हणूक शिकवा." विनायकराव आले. थकलेले दिसले. शेवंतीबाईंपुढे चावी ठेवून म्हणाले, "काकी, मला हे सांभाळायला जमत नाही हो. विकलं नाही म्हणून कोणी माझ्यावर रागावू नये आणि विकलं असतं तरी रागावू नये, एवढंच. परवाना नवा येईपर्यंत माडी मात्र विकायची नाही." बाई म्हणाल्या, "तुझो बापूस पण असोच घाबरट होतो. फक्त हसून घाबरी." पत्रे काढले, दार उघडले. आणि येथे शेवटची चिंता उत्पन्न जाहली, की ज्या दुकानात माडी नाही ते दुकान होय काय. नसेल तर थोरल्याधाकट्यांनी तेथे बोलणे म्हणजे शपथभंग. गुरव स्वतः येऊन आत बसून पाहून गेला आणि म्हणाला, "पायरी आसा, बाकडो आसा. माडी कायद्यात नव्हती." मग थोरल्यांस खुर्चीवरून आणिले. त्यांच्या मांडीवर दोन उजव्या चपला होत्या. धाकटे आधीच येऊन, दोन डाव्या हातात धरून, पायरीखाली उभे होते. चारही चपला पायरीवर ठेवण्यात आल्या आणि दोघे आत गेले आणि बाकड्याच्या दोन टोकांस बसले. शेवंतीबाईंनी दोघांपुढे पेल्यातून साधे पाणी ठेविले. बाहेर सगळे राज्य श्वास धरून उभे.

थोरले म्हणाले, "बाबल्या."

"व्हय."

"माझी डावी तुझ्याकडे आसा."

"म्हायत आसा."

"मगे हाडून दिलंस नाय ती?"

"तू मागलंस नाय."

"खंय मागू? वाटेर?" ऐसे म्हणून थोरले हसले आणि हसण्याचा खोकला जाहला. धाकट्यांनी पाण्याचा पेला त्यांच्या तोंडास लावला. मग थोरले म्हणाले, "बाकडो अजून हलता."

"तात्यान मुद्दाम ठेवलेलो तो. एक उठलो की दुसरो पडता. दोघांनी एकदम उठूक व्हया."

थोरल्यांनी थोडा वेळ बाकड्यावरून हात फिरविला. "तो माड तुझोच होतो रे."

"नाय. तुझो."

"नारळ तुझ्यात पडत."

"मूळ तुझ्यात होता."

येथून दोघांचे आवाज चढले आणि शेवंतीबाईंस आत जाऊन दोघांस गप्प करावे लागले. तंटा तोच, बाजू तेवढ्या बदलल्या. निघताना दोघे एकदम उठले. पायरीवर जोड लावून चपला घातल्या. पुढे अनेक दिवस थोरल्यांस तेथे आणीत, पाणी ठेवीत आणि दोघे माडाबद्दल भांडत.

शिमग्याची होळी थोरल्यांनी खिडकीतून पाहिली आणि तीन दिवसांनी ते वारले. मयतास सारे राज्य लोटले. धाकटे तिरडीस खांदा देऊन चालले, स्मशानात उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण मयत यादीत होते. आंघोळ करून ते दुकानात आले आणि आपल्या टोकास बसले तो बाकडा कलला. शेवंतीबाईंनी दुसऱ्या टोकास बांगड्यांची भरली टोपली ठेविली आणि बाकडा सरळ केला आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतले. मग धाकटे पुष्कळ वेळ बोलले.

येणेप्रमाणे माडीचे दुकान राखिले. परवाना अद्याप आलेला नाही, तोवर पाणी मिळते. बाकड्याचा पाय तसाच आहे, त्यास कोणी हात लावू देत नाही. राज्यातील लोक आता गाऱ्हाण्यात आधी ऐकतात आणि मग बोलतात, त्यामुळे गाऱ्हाण्यास पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

दोघा बंधूंनी न बोलण्याची शपथ घेतली त्या दिवशी गुरव तापाने पडला होता, आणि गाऱ्हाणे तात्या आरोलकर यांनी घातले होते.